मातीचा सामू तपासला, खाडीच्या पाण्याचा कोण तपासणार?

माती परीक्षणाचा कागद आता गावोगाव पोचला आहे. २०१५ मध्ये केंद्र सरकारने मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली आणि नत्र, स्फुरद, पालाश यांच्या जोडीने 'सामू' हा शब्दही शेतकऱ्याच्या तोंडी बसला. जांभ्या जमिनीचा सामू सातच्या खाली, म्हणजे जमीन आम्लधर्मी, म्हणजे चुन्याची गरज, एवढा हिशेब कोकणातला बागायतदार कृषी सहायक दारात येण्याआधीच करून मोकळा होतो. पण त्याच गावाची खालची वाडी खाडीवर जगते. ओहोटीला कालवं, तिसऱ्या, मुळे काढून बाजारात बसणाऱ्या बाया आहेत. दोरीवर शिणाणे वाढवणारे महिला बचत गट आहेत. त्यांची जमीन म्हणजे खाडीचं पाणी. त्या पाण्याचा सामू किती, तो उतरतोय की आहे तिथेच आहे, हे विचारायला त्यांनी कोणत्या खिडकीवर जायचं?

हा प्रश्न आज काढायला कारण आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषी समकक्ष दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यावर चर्चा झाली ती वीजदराची, कर्जाच्या व्याजाची आणि विम्याची. ती व्हायलाच हवी होती. पण शेतीच्या पाठीशी नुसती स्वस्त वीज उभी नाही. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळा, मंडळवार पर्जन्यमापक, विद्यापीठाचा हवामान सल्ला, पीक कापणी प्रयोग अशी मोजणीची सगळी व्यवस्था तिच्यामागे आहे. ती कशी चालते यावर बोलता येईल, पण आहे. दर्जा समकक्ष झाला असेल, तर मोजणी समकक्ष कधी होणार?

समुद्र आंबतो म्हणजे काय?

कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळल्यावर जो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यातला साधारण चौथा हिस्सा समुद्र पिऊन टाकतो. हवेतल्या या वायूची पद्धतशीर मोजणी हवाई बेटावरच्या मौना लोआ इथे १९५८ पासून सुरू आहे. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. २०२४ ची सरासरी ४२४ च्या घरात गेली. हा वायू पाण्यात विरघळला की त्याचं कार्बोनिक आम्ल होतं. सोडावॉटरच्या बाटलीत असतं तेच.

आता कालवाचा शिंपला म्हणजे काय, तर चुना. कोकणात सिमेंट येण्याआधी शिंपले भाजून घराचा चुना करत, हे जुन्या गवंड्यांना सांगायला नको. कालवाचं पिल्लू हा चुना समुद्राच्या पाण्यातूनच गोळा करतं. पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र करून ते आपलं घर बांधतं. पाण्यात आम्ल वाढलं की ते आधी कार्बोनेटलाच धरतं आणि शिंपल्यासाठी शिल्लक कमी राहते. कॅल्शियम भरपूर असतं, बांधणाराही तयार असतो, पण दुसरा माल बाजारातून गायब, अशी गत होते. फारच कमी झालं तर बांधलेला शिंपलाही विरघळायला लागतो.

औद्योगिक क्रांतीच्या आधी समुद्राच्या वरच्या पाण्याचा सरासरी सामू ८.२ च्या आसपास होता, आता तो ८.१ च्या आसपास आहे. ऐकून वाटेल, एवढ्याशा फरकाने काय होतंय? पण सामूचा आकडा दशपटीच्या हिशेबाने चालतो. एक अंक उतरला की आम्लता दहापट. एक दशांश उतरला म्हणजे आम्लता पंचवीस-तीस टक्क्यांनी वाढली. समुद्र काही चिंचेच्या कोळासारखा आंबट झालेला नाही. सातच्या वर आहे तोवर तो अल्कधर्मीच, आणि अजून बराच काळ तसाच राहील. 'आम्लीकरण' हा शब्द उताराच्या दिशेचा आहे, हे लक्षात ठेवलेलं बरं. नाहीतर एखादा पुढारी भाषणात समुद्राचं अ‍ॅसिड झालं म्हणून सांगायचा आणि लोक मासे खायचे थांबायचे.

ही झाली जगाची सरासरी. पण सरासरीत कोणी राहत नाही. कालव राहतं ते एका खाडीत, एका खडकावर. तिथे काय होतं, हे कळायला जगातलं सगळ्यात चांगलं उदाहरण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं आहे. ते जरा सविस्तर सांगतो, कारण ते उदाहरण शास्त्रज्ञांपेक्षा कालवशेतकऱ्यांचं जास्त आहे.

ओरेगॉनच्या हॅचरीत काय घडलं

ओरेगॉन राज्यात नेटार्ट्स नावाची एक छोटी खाडी आहे. तिच्या काठावर व्हिस्की क्रीक ही कालवांचं बी तयार करणारी हॅचरी आहे. तिकडे कालवपालन हा मोठा धंदा आहे. पाळलं जातं ते मूळचं जपानचं कालव, विसाव्या शतकात तिकडे नेलेलं. बहुतेक ठिकाणी ते तिथे आपणहून नीट वाढत नाही, म्हणून शेतकरी बी विकत घेतो आणि आपल्या खाजणात वाढवतो. आपण भाताचं बियाणं विकत आणतो त्यातला प्रकार. स्वतःची हॅचरी नसलेले असंख्य छोटे कालवशेतकरी या एका ठिकाणच्या बियाण्यावर अवलंबून होते.

२००७ च्या सुमारास हॅचरीच्या टाक्यांत पिल्लं मरायला लागली. एखाद-दुसरी टाकी नव्हे, लाखोंच्या लाखो. सुरुवातीला संशय गेला जंतूवर. कालवांच्या पिल्लांना मारणारा एक जंतू त्या भागात माहीत होता आणि तो पाण्यात सापडलाही. मग पाणी गाळून निर्जंतुक करायची महागडी यंत्रणा बसवली. जंतू आटोक्यात आला. पिल्लं मरायची थांबली नाहीत. शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातल्या विलापा उपसागरात तर कालवांचं नैसर्गिक बी धरण्याचं काम वर्षामागून वर्ष फसत होतं. धंदा बसायची वेळ आली.

धागा सापडला तो वाऱ्यात. उन्हाळ्यात त्या किनाऱ्यावर उत्तरेचा वारा सुटला की वरचं पाणी किनाऱ्यापासून बाहेर ढकललं जातं आणि त्याची जागा भरायला तळाचं थंड पाणी वर येतं. हॅचरीतल्या माणसांच्या ध्यानात आलं, की पाणी थंड झालं की टाक्यांतली पिल्लं जातात. याच सुमारास, २००७ मध्ये, रिचर्ड फीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडापासून मेक्सिकोपर्यंत जहाजाने फिरून किनाऱ्यालगतच्या पाण्याचे नमुने घेतले होते. शिंपला विरघळवण्याइतकं आम्लयुक्त पाणी तळातून चढून किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्रात आलेलं त्यांना आढळलं. इतक्या लवकर ते इथवर येईल ही कोणाची अपेक्षा नव्हती. २००८ मध्ये हे 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालं.

ओरेगॉन स्टेट विद्यापीठाचे बर्क हेल्स यांनी मग हॅचरीच्या नळावरच मोजणी सुरू केली. सामू आणि पाण्यातला कार्बन वायू सतत मोजणारं यंत्र त्यांनी तिथे लावलं. नेटार्ट्सच्या पाण्याचा सामू काही दिवसांच्या अंतराने ७.६ पर्यंत उतरतो आणि ८.२ पर्यंत चढतो, हे त्यातून दिसलं. ज्या दिवशी पाणी वाईट, त्या दिवशी जन्मलेली पिल्लं पुढे वाढत नाहीत, हेही दिसलं. अ‍ॅलन बार्टन, हेल्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हा संबंध आकड्यांनिशी मांडला. कारणही पुढे उलगडलं. पिल्लू पहिल्या दोन दिवसांत पहिला शिंपला बांधतं आणि तेव्हा त्याला तोंडाने खाता येत नसतं. अंड्यातून मिळालेल्या शिदोरीवर सगळं चाललेलं असतं. पाण्यात कार्बोनेट कमी असेल तर ती शिदोरी शिंपला बांधण्यातच संपते. पिल्लू लगेच मरतंच असं नाही, ते अशक्त होऊन आठवड्या-दोन आठवड्यांनी जातं. म्हणूनच तर कारण सापडत नव्हतं. मेलेल्या दिवशीचं पाणी तपासून उपयोग नव्हता, जन्मलेल्या दिवशीचं तपासायला हवं होतं. करपा पडला त्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी ढगाळ होतं का, हे आपण विचारतो त्यातली गोष्ट.

उपाय साधे निघाले. खाडीत सागरी गवत आहे. दिवसा उन्हात ते कार्बन वायू खातं आणि दुपारनंतर पाणी सुधारतं. म्हणून टाक्या पहाटे न भरता दुपारनंतर भरायला लागले. वाऱ्याचा अंदाज आणि समुद्रातल्या तरंगत्या यंत्राचे आकडे बघून तळाचं पाणी येणार हे आधी कळायला लागलं. आणि पाणी वाईटच असेल तर त्यात सोडा अ‍ॅश घालून ते दुरुस्त करायचं. सोडा अ‍ॅश म्हणजे आपल्या धुण्याच्या सोड्याचंच कोरडं रूप. आपण आम्ल जमिनीला चुना देतो, तसंच. हॅचरी बंद पडायची ती सावरली.

इथे एक सांगून ठेवायला हवं. हा उपाय टाकीतल्या पाण्यावरचा आहे. उद्या कोणी उठून खाडीत सोड्याची पोती ओतली तर भरती-ओहोटीच्या दोन फेऱ्यांत पैसे समुद्रात जातील, दुसरं काही होणार नाही.

त्या किनाऱ्यावर पुढे जे झालं ते आपल्या अधिकाऱ्यांनी मुद्दाम बघण्यासारखं आहे. कालवशेतकरी आकडे घेऊन सरकारकडे गेले. हॅचऱ्यांच्या ठिकाणी आणि समुद्रातल्या तरंगत्या यंत्रांवर मोजणीसाठी केंद्राचा निधी मिळाला. वॉशिंग्टनच्या गव्हर्नरांनी समिती नेमली, तिचा अहवाल २०१२ मध्ये आला आणि २०१३ मध्ये राज्याच्या विद्यापीठात या कामासाठी स्वतंत्र केंद्र उभं राहिलं. काही तरंगती यंत्रं दर तीन तासांनी हवेतला आणि पाण्यातला कार्बन वायू मोजतात आणि आकडा उपग्रहावरून किनाऱ्यावर पाठवतात. महत्त्वाचं म्हणजे, टाकीवर उभ्या असलेल्या माणसाला तो आकडा त्याच दिवशी मिळतो. अहवाल छापून तीन वर्षांनी आला असता तर एकही पिल्लू वाचलं नसतं.

आणखी एक गोष्ट जरा काळजीची आहे. तिकडे आज तळातून वर येणारं पाणी हवेला शेवटचं शिवलं ते काही दशकांपूर्वी. म्हणजे त्याने प्यालेला वायू त्या काळच्या हवेतला, आजच्यापेक्षा कमी असलेला. आजच्या हवेतला वायू पिऊन खाली गेलेलं पाणी वर यायचं अजून बाकी आहे.

आपल्या बाजूचं पाणी

आता कोणी म्हणेल, ओरेगॉन कुठे आणि मालवण कुठे. बरोबर आहे. तिकडचं पाणी थंड, जात वेगळी, धंद्याची रीत वेगळी. तिकडचे आकडे उचलून इकडे चिकटवायचे नाहीत. पण तळाचं पाणी वर येण्याचा खेळ आपल्या किनाऱ्यावरही होतो आणि तो पावसाळ्यात होतो.

नैऋत्य मोसमी वाऱ्याच्या काळात अरबी समुद्राच्या आपल्या बाजूला खालचं पाणी वर सरकतं. जोर दक्षिणेकडे, केरळ-कर्नाटकात जास्त, वर उत्तरेकडे येताना कमी होत जातो. त्याच वेळी पावसाचं आणि नद्यांचं गोडं पाणी वर पातळ थरासारखं पसरतं आणि झाकणासारखं बसतं. खालच्या पाण्याला हवा मिळत नाही. त्यात कुजणारं खाद्य पडत राहतं, ते कुजताना ऑक्सिजन संपतो आणि कार्बन वायू साठतो. एकाच व्यवहाराच्या या दोन बाजू. गोव्यातल्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये 'नेचर' मध्ये दाखवून दिलं, की पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर आपल्या पश्चिम किनाऱ्याचा सुमारे एक लाख ऐंशी हजार चौरस किलोमीटर उथळ समुद्र तळाशी ऑक्सिजनला मोताद होतो. याच संस्थेने कांदोळीच्या समोर समुद्रात एक ठरावीक ठिकाण धरून १९९७ पासून वर्षानुवर्षं नमुने घेतले आहेत. म्हणजे ज्ञान आपल्याकडे नाही असं नाही. ते आपल्या शेजारी, सावंतवाडीहून दोन तासांच्या अंतरावर आहे.

खाडीत शिरलं की गोष्ट आणखी गुंततं. नदीचं पाणी मुळातच समुद्राच्या पाण्याइतकं अल्कधर्मी नसतं. पानंपाचोळा, शेण, गावाचं सांडपाणी, शेतातून धुपून आलेलं खत हे सगळं त्यात असतं आणि खाडीत ते कुजतं. मांडवी आणि झुआरी या गोव्याच्या खाड्यांवरचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. पावसाळ्यात या खाड्यांच्या पाण्यात हवेच्या मानाने कितीतरी जास्त कार्बन वायू असतो आणि खाडी तो उलट हवेत सोडते, असं त्यात दिसलं. म्हणजे आपल्या खाडीतली आम्लता मुंबई-दिल्लीच्या धुरातून जेवढी येते, तेवढीच, कदाचित जास्त, आपल्याच गटारातून आणि ओढ्यातून येत असते. धूर थांबवणं ग्रामपंचायतीच्या हातात नाही. गटार आहे.

आता मुद्दा असा. सिंधुदुर्गात केंद्र सरकार आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या प्रकल्पातून महिला बचत गटांनी कालवं आणि शिणाणे पाळायला सुरुवात केली. पुढे राज्याने २०१७ मध्ये कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आणली, तिच्यातही कालवपालन, शिणाणेपालन, खेकडापालन आहे. समजा एका हंगामात दोरीवर बी धरलंच नाही, किंवा धरलं आणि गळलं. कारण काय? पाऊस लांबला आणि खारटपणा उतरला? रोग? वरच्या अंगाच्या कारखान्याचं सांडपाणी? दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांच्या लोट्याच्या औद्योगिक वसाहतीबद्दलच्या तक्रारी किती जुन्या आहेत, ते सगळ्यांना ठाऊक आहे. की पाण्याचा सामू? सतत मोजणी नसेल तर यातलं एकही कारण सिद्ध करता येत नाही आणि एकही खोडता येत नाही. कारखानेवाला सामूवर बोट दाखवील, अधिकारी पावसावर, आणि बचत गटाचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला येईल. कोणी छातीठोकपणे 'हे हवामान बदलामुळेच' म्हणालं, तर त्यालाही आकडे मागावेत.

मोजतात ते कसं, आणि कमी कुठे पडतं

तुम्ही म्हणाल, प्रदूषण नियंत्रण मंडळ खाड्यांचे नमुने घेतं की. घेतं, आणि त्यात सामूही असतो. पण ती मोजणी दुसऱ्या कामासाठी बसवलेली आहे. किनाऱ्याच्या पाण्याचे जे वर्ग केंद्रीय मंडळाने ठरवले आहेत, त्यात मिठागरं, शिंपले गोळा करणं आणि सागरी शेती यांच्यासाठीचा जो सगळ्यात वरचा वर्ग आहे, त्यात सामू ६.५ ते ८.५ च्या दरम्यान असला की पाणी पास. नेटार्ट्समध्ये पिल्लं मेली तेव्हा सामू ७.६ च्या आसपास होता. म्हणजे आपल्या कागदावर ते पाणी पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालं असतं! कारखान्याने अ‍ॅसिड सोडलं का, हे पकडायला तो मापदंड ठीक आहे. कालवाच्या पिल्लाला तो काही सांगत नाही.

दुसरं असं की महिन्याकाठी एक बाटली भरून खाडी कळत नाही. रात्री सगळे जीव श्वास घेतात, सामू उतरतो. दुपारी शेवाळ आणि गवत वायू खातं, सामू चढतो. भरतीला समुद्राचं पाणी, ओहोटीला नदीचं. उधाणाला एक, भांगाला दुसरं. ज्या माणसाने सकाळी दहाला ऑफिसची गाडी काढून अकराला बाटली भरली, त्याच्या बाटलीत अकराचं पाणी आलं, एवढंच.

आणि बाटलीही नीट भरावी लागते. मातीचा नमुना घेताना इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा, चार भाग, समोरासमोरचे दोन काढून टाकायचे, ही शिस्त आपण शिकलो. पाण्याच्या नमुन्याला याहून कडक शिस्त आहे. नळी तळापर्यंत घालून, बुडबुडा न होऊ देता, पाणी ओसंडू देऊन भरायचं. मग त्यात पाऱ्याचं विषारी संयुग अगदी थोडं घालून बाटली बंद करायची. कारण बाटलीतले सूक्ष्म जीव प्रयोगशाळेत पोचेपर्यंत श्वास घेतच असतात आणि आकडा बदलून टाकतात. हे विष गावात ठेवायची वस्तू नव्हे, ते प्रशिक्षित माणसाचंच काम.

सामूचा कागद इथे निरुपयोगी. साधा हातातला मीटर पाण्यात मोठा फरक पडला तर दाखवतो, पण तो गोड्या पाण्याच्या द्रावणावर जुळवलेला असतो आणि खाऱ्या पाण्यात सरळ चालत नाही. जगभरच्या या मोजणीसाठी जे शास्त्रज्ञांचं जाळं आहे, त्यांनी दोन पायऱ्या ठरवल्या आहेत. एक रोजच्या हवापाण्यासारखी: सामूत ०.०२ इतकी अचूकता. दुसरी दीर्घकाळच्या बदलासाठी: ०.००३. खुल्या समुद्राचा सामू वर्षाला साधारण ०.००२ ने उतरतो, तेव्हा दुसऱ्या पायरीला अशीच यंत्रं आणि अशीच माणसं लागतात. त्याशिवाय नुसता सामू मोजूनही भागत नाही. त्याच्या जोडीला पाण्याची अल्कता किंवा विरघळलेला वायू असं दुसरं एक माप असल्याशिवाय शिंपल्याला माल किती उरला, हे काढता येत नाही.

माझ्या मते आपल्या जिल्ह्याला दुसऱ्या पायरीच्या मागे लागायची गरज नाही. ते समुद्रविज्ञान संस्थेचं काम, आणि ते त्यांनी करत राहावं. खाडीला हवी आहे पहिली पायरी. एका ठिकाणी, पण रात्रंदिवस. हैदराबादच्या इन्कॉइस या केंद्रीय संस्थेने कोची आणि विशाखापट्टणमच्या किनाऱ्याजवळ पाण्याची गुणवत्ता सतत मोजणारी तरंगती यंत्रं बसवली आहेत. हीच संस्था मासे कुठे मिळतील याची सूचना बंदरोबंदरी पोचवते आणि आपले ट्रॉलरवाले ती बघूनच बाहेर पडतात. त्याच रस्त्याने 'उद्या खाडीत गोडं आणि आंबट पाणी येणार, बी धरायच्या दोऱ्या आजच सोडू नका' अशी सूचना यायला तांत्रिक अडचण काही नाही. अडचण आहे ती कोकणच्या एकाही खाडीसाठी कोणी ती मागितलेली नाही, ही. यंत्र ठेवायला आणि सांभाळायला रत्नागिरीत शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे. खाऱ्या पाण्यात यंत्राच्या तोंडावर दोन आठवड्यांत शेवाळ आणि बार्नेकल बसतात, ते खरवडून काढणारा माणूस पगारावर असेल तरच ते यंत्र. नाहीतर उद्‌घाटनाचा फोटो तेवढा उरतो.

यंत्र येईतो गावाने हात बांधून बसायचं कारण नाही. जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही आहे. बहुतेक ठिकाणी ती एकदा भरून कपाटात गेली. तिच्यात कालवांचं एक पान उघडावं. खडकावर नवं बी कोणत्या तारखेला दिसलं, किती दाट, केव्हा गळलं, त्या आठवड्यात पाऊस किती, पाणी रंग बदललं का, मेलेले मासे दिसले का. खारटपणा मोजायचं हातातलं साधं उपकरण बचत गटाला परवडतं, त्याचा आकडा आणि पाण्याचं तापमान, दोन्ही एकाच खुणेच्या खडकावर, भरतीच्या एकाच टप्प्यावर. तारखेसोबत वेळ हवीच. उद्या यंत्राचे आकडे आले तर याच नोंदीला लावून बघता येतील. ओरेगॉनात पाणी थंड झालं की पिल्लं जातात, हे पहिल्यांदा टाकीवरच्या माणसांनाच दिसलं होतं. यंत्र नंतर आलं.

फोडलेल्या कालवांच्या शिंपल्यांचे ढीग वाडीच्या कडेला पडतात, त्यांचंही बघता येईल. अमेरिकेच्या मेन राज्यात तिसऱ्यांच्या चिखलात ठेचलेले शिंपले पसरून चिखलाची आम्लता कमी होते का, याचे प्रयोग झाले आणि पसरलेल्या जागी नवं बी जास्त बसलेलं दिसलं. चुन्याच्या भट्ट्या बंद झाल्यापासून आपल्याकडे शिंपल्याला फारसं गिऱ्हाईक नाही. मत्स्य महाविद्यालयाने एका खाजणात दोन वाफे आखून हे करून बघावं. खर्च टोपल्या वाहायचा.

राहता राहिला पैसा. सतत मोजणीच्या यंत्राचा आणि माणसाचा खर्च ग्रामपंचायतीला झेपणारा नाही आणि बचत गटाच्या माथी तर मुळीच मारू नये. जिल्हा वार्षिक योजनेतून मत्स्यव्यवसायाच्या कामांना तरतूद होते, आता कृषीचा दर्जाही आहे. खाडीकाठच्या ग्रामपंचायतींनी ग्रामसभेचा ठराव करून तो सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात द्यावा आणि पोच घ्यावी. ठरावात खाडीचं नाव, कालवं-शिणाण्यांवर पोट असलेल्या घरांची संख्या, यंत्र कोणाच्या ताब्यात राहणार आणि आकडा गावाला रोज कसा कळणार, या चार गोष्टी लिहाव्यात. चौथी गाळली तर तीन वर्षांनी अहवाल येईल. पुढच्या वर्षाचा आराखडा हिवाळ्यात आकाराला येतो, तेव्हा ठराव दिवाळीच्या आसपासच्या ग्रामसभेत झालेला बरा.